विश्लेषण : घरातला एमसीबी सारखा का पडतो? मोठा एमसीबी बसवणे हा त्यावरचा उपाय का नाही?

महाड, पोलादपूर परिसरात पावसाचा जोर वाढला की वायरमनचा फोन लागेनासा होतो. प्रत्येक आळीत आणि वाडीत तक्रार एकच, ‘एमसीबी वर केला की लगेच पडतो’. त्यावरचा झटपट उपायही ठरलेला आहे. सोळाचा एमसीबी काढून बत्तीसचा लावायचा, आरसीसीबी ‘डायरेक्ट’ करायचा आणि घरात उजेड आणायचा. उजेड येतो, घरातले हुश्श करतात, वायरमनला चहा मिळतो. पण त्याच क्षणी घराचा राखणदार कामावरून काढलेला असतो. पडणारा खटका ही बिघाडाची खबर असते. सावित्रीच्या काठी आणि सह्याद्रीच्या पायथ्याशी, जिथे वर्षातले चार महिने भिंतींची ओल जात नाही, तिथे ही खबर देणाऱ्याचेच तोंड बंद करणे परवडणारे नाही.

बोर्डात कोणते खटके असतात?

मीटरमधून आलेली वीज मेन स्विचमधून खटक्यांच्या डब्यात येते. या डब्यात साधारण दोन प्रकारचे खटके असतात. दिसायला ते सारखे असल्याने त्यांचे काम एकच आहे असे समजले जाते. इथेच पहिली गफलत होते.

एमसीबी वायरचे रक्षण करतो. त्याच्या पोटात दोन यंत्रणा असतात. पहिली दोन धातूंची पट्टी. ठरल्यापेक्षा जास्त वीज बराच वेळ वाहिली की ती तापून वाकते आणि खटका पडतो. दुसरी तारेची चुंबकीय गुंडाळी. शॉर्ट सर्किट झाले की ती डोळ्याचे पाते लवण्याआधी खटका पाडते. खटक्याची दांडी चिकटपट्टी लावून वर धरून ठेवली, तरी आतला संपर्क सुटतोच. त्यामुळे तसले उद्योग व्यर्थ असतात.

आरसीसीबी माणसाचे रक्षण करतो. त्यावर एक छोटे ‘टेस्ट’ बटण असते, तीच त्याची ओळख. फेजमधून गेलेली वीज न्यूट्रलमधून तेवढीच परत येते का, हे तो सतत ताडून पाहतो. परतीच्या वाटेवर वीज कुठे झिरपली, म्हणजे ओल्या भिंतीत, गीझरच्या अंगात किंवा माणसाच्या शरीरातून जमिनीत गेली, की हिशेब चुकतो आणि तो पडतो. घरगुती आरसीसीबी ३० मिलिॲम्पिअरला पडेल असा बनवलेला असतो. तेवढ्या गळतीला सेकंदाच्या तीन दशांशाच्या आत त्याने वीज तोडलीच पाहिजे, असे मानक सांगते.

आता दोन्हींची तुलना करू. सोळा ॲम्पिअर म्हणजे १६,००० मिलिॲम्पिअर. माणसाच्या शरीरातून साधारण १० मिलिॲम्पिअरच्या पुढे वीज वाहू लागली की स्नायू आखडतात आणि पकडलेली वस्तू सुटत नाही. ३० च्या पुढे श्वास आणि हृदय दोन्ही धोक्यात येतात. त्याच्या पाचशे पट वीज सहज वाहू देणारा एमसीबी शॉक लागलेल्या माणसाला वाचवू शकत नाही. ‘एमसीबी आहे, मग शॉकची भीती नाही’ हा समज म्हणूनच जीवघेणा आहे. उलट बाजूने, नुसता आरसीसीबी जास्त लोड किंवा शॉर्ट सर्किटपासून वायर वाचवत नाही. घरात दोन्ही हवेत.

खटका कधी पडतो, यावरून काय कळते?

पडण्याची वेळ हीच निदानाची पहिली पायरी आहे. एमसीबी वर केल्यावर दहा-वीस मिनिटांनी पडत असेल आणि हात लावल्यावर गरम लागत असेल, तर लोड जास्त झाला आहे. वर करताक्षणी ‘फट्’ आवाज होऊन पडत असेल, तर कुठेतरी फेज आणि न्यूट्रल एकमेकांना भिडले आहेत. एमसीबी जागेवर राहून आरसीसीबी पडत असेल, तर वीज जमिनीत झिरपते आहे. कमी लोडवरही एमसीबी पडत असेल आणि त्याच्या स्क्रूजवळ प्लास्टिक पिवळे किंवा काळे पडले असेल, तर वायर ढिली आहे. ढिल्या जोडावर उष्णता तयार होते आणि आतल्या पट्टीला ती जास्त लोडच वाटते.

लोडचा हिशेब घरी करता येतो. उपकरणावर लिहिलेले वॉट २३० ने भागले की ॲम्पिअर मिळतात. सकाळी साडेसहाला गीझर २००० वॉट, इंडक्शन शेगडी २००० वॉट, इस्त्री १००० वॉट आणि विहिरीवरची किंवा टाकीची एक अश्वशक्तीची मोटर साधारण १००० वॉट, असे सगळे एकाच वेळी चालले तर ६००० वॉट होतात. म्हणजे २६ ॲम्पिअर. हे सगळे एकाच सोळाच्या एमसीबीवर असेल तर तो काही मिनिटांत पडणार आणि त्याने पडायलाच हवे. गीझर आधी, शेगडी नंतर, मोटर त्यानंतर, अशी वेळ विभागली तर पैसाही न घालवता तक्रार मिटते. कायमचा उपाय म्हणजे गीझर, स्वयंपाकघर आणि मोटर यांना डब्यापासूनच वेगवेगळ्या वायरी आणि वेगवेगळे एमसीबी देणे.

पोलादपूर तालुक्यातल्या डोंगरातल्या वाड्यांवर आणखी एक कारण भेटते. लाइनच्या शेवटच्या टोकाला व्होल्टेज कमी असेल, तर पाण्याची मोटर तेच काम करायला जास्त ॲम्पिअर ओढते, तापते आणि एमसीबी पाडते. अशा वेळी दोष मोटरीत किंवा खटक्यात शोधून उपयोग नसतो. व्होल्टेज मोजून महावितरणकडे लेखी तक्रार करणे हाच मार्ग आहे.

पावसाळ्यातच त्रास का वाढतो?

पाणी स्वतः फारशी वीज वाहून नेत नाही. पण भिंतीतला चुना, सिमेंट आणि मातीतले क्षार त्यात मिसळले की ते वाट मोकळी करते. कौलातून ठिबकणारे पाणी माळ्यावरच्या जोडात उतरते. पडवीतल्या बोर्डावर पावसाची झड बसते. अंगणातल्या दिव्याचा होल्डर भरतो. जुन्या घरात वायरींचे जोड नुसती चिकटपट्टी गुंडाळून केलेले असतात आणि चार पावसाळ्यांत ती पट्टी सुटते. त्यात मुंग्या, पाली आणि उंदीर यांची भर. उबेला आलेली पाल बोर्डात दोन पट्ट्यांमध्ये अडकली की शॉर्ट सर्किट होते. उंदराने माळ्यावरची वायर कुरतडली की कोरड्या दिवसात काही कळत नाही. पहिल्या पावसात मात्र खटका पडू लागतो.

या भागाची खास गोष्ट म्हणजे चाकरमान्यांची बंद घरे. मुंबई, ठाण्याहून मंडळी गणपतीला येतात आणि अकरा महिने कुलूप असलेले घर एका संध्याकाळी पूर्ण लोडवर चालू लागते. आराशीच्या माळा, फ्रीज, पंखे, मिक्सर, गीझर आणि सोबत आणलेली इंडक्शन शेगडी. रात्री आरतीच्या वेळी अंधार होतो आणि दोष ‘लाइट’ला दिला जातो. यात गीझरचे एक कारण सहसा कोणाला सुचत नाही. त्याच्या तापणाऱ्या नळीत वीज अडवणारी मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड भरलेली असते. ही पूड हवेतली ओल शोषते. गीझर महिनोन् महिने बंद राहिला तर नळीच्या तोंडातून ओल आत जाते आणि चालू करताच आरसीसीबी पडतो. पाणी गरम करण्याची रॉड, जुनी शेगडी आणि इस्त्री यांचेही तसेच होते. अशा वेळी आरसीसीबीला बाजूला सारून आंघोळीचे पाणी तापवणे म्हणजे ओल्या अंगाने फेजशी खेळणे होय.

पूर ओसरल्यावर घरातल्या विजेचे काय होते?

महाडकरांना हा प्रश्न नवा नाही. सावित्री महाबळेश्वराला उगम पावते, पोलादपूरवरून महाडला येते आणि इथे तिला गांधारी मिळते. वर घाटमाथ्यावर कोसळलेला पाऊस काही तासांत शहराच्या दारात असतो. जुलै २००५ मध्ये ते दिसले होते. २२ जुलै २०२१ ला त्याहून भीषण रूपात दिसले. त्या वेळी महाबळेश्वरात चोवीस तासांत ५९० मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला गेला आणि महाडचे तळमजले पाण्याखाली गेले. धान्य, कपाटे, दुकानातला माल, सगळा चिखल झाला. लोकांनी घरे धुतली, रंगवली, बाजारपेठ उभी केली. पण भिंतीच्या आतल्या वायरी कितीशा घरांत बदलल्या गेल्या?

पुराचे पाणी बोर्डातून शिरते आणि भिंतीतल्या पाइपांतून खालपर्यंत जाते. पाणी ओसरते, पाइपाच्या वळणांत गाळ मात्र राहतो. तो गाळ उन्हाळ्यात वाळतो आणि पावसात पुन्हा ओल धरतो. वायरीच्या जोडांवर, सॉकेटच्या पितळी पट्ट्यांवर गंज चढतो. पुरानंतर दोन-तीन वर्षांनीही एखाद्या खोलीतला खटका दर जूनमध्ये पडत असेल, तर त्याचे मूळ त्या पाइपात असण्याची दाट शक्यता आहे. इथे एमसीबी बदलून काही होत नाही. वायर ओढून काढून नवी घालावी लागते.

अशा घरात वीज पुन्हा सुरू करण्याआधी काही पथ्ये पाळावीत. पाणी उंबऱ्याशी यायच्या आत मेन स्विच बंद करावा. पाणी आत आले असेल तर त्यात उभे राहून मेनला हात लावू नये. महावितरणला १९१२ किंवा १८००-२१२-३४३५ या क्रमांकावर कळवून बाहेरून वीज बंद करून घ्यावी. पाण्यात बुडालेले एमसीबी आणि आरसीसीबी वाळवून वापरू नयेत, ते टाकूनच द्यावेत. आतल्या नाजूक स्प्रिंगमध्ये आणि संपर्कांत गाळ बसला की वेळेला खटका पडेल याची खात्री राहत नाही. बुडालेला फ्रीज, मोटर, मिक्सर दुरुस्ती करणाऱ्याने उघडून तपासल्याशिवाय पिन लावू नये. आणि वायरमनकडे एकच आग्रह धरावा, मेगरने तपासा. मेगर हे वायरीच्या आवरणातून किती वीज गळते ते दाखवणारे यंत्र आहे. घरगुती वायरिंगसाठी ५०० व्होल्टची चाचणी करतात आणि वाचन एक मेगाओमच्या वर यायला हवे. टेस्टरचा दिवा लागतो की नाही, एवढी तपासणी पुरानंतर पुरेशी नाही.

महाडमध्ये नवे बांधकाम किंवा डागडुजी करणाऱ्यांनी एक गोष्ट जरूर करावी. २०२१ च्या पाण्याची खूण भिंतीवर जिथे होती, त्याच्या वर मीटर, डबा आणि शक्य तितके सॉकेट न्यावेत. तळमजल्याच्या वायरी वरून खाली उतरतील अशा घ्याव्यात आणि तळमजल्याला वेगळा एमसीबी द्यावा. म्हणजे पुढच्या वेळी खालचा भाग तोडून वरच्या मजल्यावर उजेड ठेवता येईल.

आरसीसीबी ‘उगाच’ पडतो, ही तक्रार खरी आहे का?

थोडी खरी आहे आणि ती झटकून टाकू नये. ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी १५ ते ३० च्या मध्ये कुठेही पडू शकतो. संगणक, टीव्ही, एलईडी दिवे, चार्जर यांतून प्रत्येकी अगदी किंचित वीज अर्थमध्ये जातच असते. अशी बरीच उपकरणे आणि जोडीला दमट भिंती असल्या की बेरीज उंबरठ्याजवळ पोहोचते आणि किरकोळ निमित्ताने खटका पडतो. वळवाच्या पावसात जवळ वीज कडाडली तरी तो पडू शकतो. त्यानंतर वर केल्यावर टिकत असेल तर काळजीचे कारण नाही.

दुसरे कारण इन्व्हर्टरचे. वीज वारंवार जाते म्हणून इथे अनेक घरांत इन्व्हर्टर आहे. तो बसवताना त्याच्या खोल्यांचा न्यूट्रल आरसीसीबीच्या आधीच्या न्यूट्रलला जोडला, किंवा दोन सर्किटांचे न्यूट्रल एकमेकांत मिसळले, तर जाण्याचा आणि येण्याचा हिशेब कधीच जुळत नाही. दिवा लावला की आरसीसीबी पडतो. हा दोष उपकरणाचा नसतो, जोडणीचा असतो. जाणकार वायरमन तो तासाभरात सोडवतो. ज्याला तो सापडत नाही, तो आरसीसीबीच काढतो.

म्हणून ‘उगाच’ पडण्यावरचा इलाज काढून टाकणे हा नाही, वाटणी करणे हा आहे. गीझर आणि बाहेरचे दिवे एका आरसीसीबीवर, घरातले दिवे-पंखे दुसऱ्यावर. ऐपत असेल तर एमसीबी आणि आरसीसीबी एकत्र असलेले आरसीबीओ प्रत्येक सर्किटला. मग अंगणातला दिवा भिजला म्हणून देवघरात अंधार होत नाही आणि दोष कुठे आहे तेही लगेच कळते. दोन खांबी आरसीसीबी बाजारात साधारण दीड ते अडीच हजार रुपयांत मिळतो. मध्यम दर्जाच्या मोबाइलच्या किमतीपुढे ही रक्कम काहीच नाही.

एमसीबीचा आकडा वाढवला तर काय बिघडते?

एमसीबीचा आकडा उपकरणावरून ठरत नाही, वायरच्या जाडीवरून ठरतो. घरातल्या तांब्याच्या दीड चौरस मिलिमीटरच्या वायरीला सहा ते दहाचा, अडीचच्या वायरीला सोळाचा आणि चारच्या वायरीला वीस ते पंचवीसचा एमसीबी, हे साधारण प्रमाण आहे. वायर तीच ठेवून सोळाच्या जागी बत्तीसचा बसवला की तक्रार थांबते, कारण तक्रार करणाराच उरत नाही. आता २६ ॲम्पिअर त्याच वायरीतून तासन् तास वाहतात. वायर भिंतीत, माळ्यावर, लाकडी वाशाला लागून तापत राहते. आवरण मऊ होते, चिरते आणि एके दिवशी पेट घेते. जिथे कौलारू छपराखाली लाकूड, पेंढा आणि जुने कपडे रचलेले असतात, तिथे आग पसरायला वेळ लागत नाही. आणि डोंगरातल्या वाडीवर अग्निशमनचा बंब पोहोचेपर्यंत काय उरेल, हे सांगायला नको. चिनी मातीच्या फ्यूजला जाड तार बांधण्याची जुनी सवय हाच अविचार होता. एमसीबी आले, सवय तशीच राहिली.

एमआयडीसीच्या आसपास, बिरवाडीसारख्या गावांत भाड्याच्या खोल्यांत हा धोका दुप्पट आहे. एका मीटरवर चार-पाच खोल्या, प्रत्येकीत शेगडी आणि पाण्याची रॉड. खटका पडला की भाडेकरू भांडतात, म्हणून मालक मोठा एमसीबी बसवतो. त्याने खरे तर मंजूर लोड वाढवून घ्यायला हवा आणि वायरही बदलायला हवी. भाडे घेणाऱ्याची ही जबाबदारीच आहे.

अर्थिंग आहे, मग आरसीसीबी कशाला?

हा प्रश्न अनेक जण विचारतात. उत्तर जमिनीत आहे. अंगणाच्या कोपऱ्यात पुरलेल्या अर्थिंगच्या पाइपाला किंवा पत्र्याला जमीन किती अडथळा करते, यावर सगळे अवलंबून असते. इथे वर जांभा किंवा मुरूम आणि खाली काळा कातळ. एप्रिल-मेमध्ये ही जमीन खडखडीत वाळते आणि अडथळा वाढतो. समजा तो २० ओम आहे. फ्रीजच्या अंगाला फेज लागला, तर अर्थमधून वाहणारी वीज २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा ॲम्पिअर. सोळाच्या एमसीबीला ही नेहमीचीच वीज वाटते. तो पडत नाही आणि फ्रीजच्या दांडीवर फेज तसाच राहतो. आरसीसीबीला मात्र साडेअकरा ॲम्पिअर म्हणजे मर्यादेच्या जवळपास चारशे पट. तो तत्क्षणी पडतो. कातळाच्या प्रदेशात आरसीसीबीला पर्याय नाही, तो असा.

अर्थ नाही म्हणून तीन पिनी सॉकेटमध्ये अर्थची पट्टी न्यूट्रललाच जोडून देण्याची एक पद्धत आहे. ती अतिशय घातक आहे. न्यूट्रल कुठे तुटला तर घरातल्या प्रत्येक लोखंडी उपकरणाच्या अंगावर फेज येतो. नळाच्या पाइपाला अर्थ जोडण्याचेही दिवस गेले, कारण आता पाइप प्लास्टिकचे आहेत. स्वतंत्र खड्डा, त्यात चांगली माती आणि कोळसा-मीठ किंवा तयार मिश्रण, उन्हाळ्यात पाणी, आणि अडथळा मोजण्याची चाचणी, एवढे केल्याशिवाय अर्थिंग झाले असे म्हणू नये.

घरच्या घरी दोष कसा शोधावा?

हात कोरडे असावेत, पायात रबरी चप्पल असावी, खाली पाणी नसावे. आधी सगळ्या उपकरणांच्या पिना काढाव्यात. नुसते बटण बंद करून भागत नाही. बटण फक्त फेज तोडते, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. गीझरचा न्यूट्रल आतून ओल्या अंगाला लागला असेल, तर बटण बंद असतानाही आरसीसीबी पडू शकतो. अनेकांची रात्र याच कोड्यात जाते. गीझर पिनेऐवजी थेट वायरीने जोडलेला असेल तर तो वायरमनकडूनच सोडवून घ्यावा.

त्यानंतर सगळे एमसीबी खाली करून आरसीसीबी वर करावा. मग एकेक एमसीबी वर करत जावे. ज्याच्या वर करण्याने खटका पडतो, तो खाली ठेवावा आणि बाकीचे घर चालवावे. सगळे टिकले तर एकेक पीन लावत जावे, दोषी उपकरण आपोआप सापडते. एक नियम कटाक्षाने पाळावा. पडलेला खटका एकदा वर करून पाहायला हरकत नाही. लगेच पुन्हा पडला, तर तिसऱ्यांदा वर करू नये. जळका वास, काळी पडलेली पीन, बोर्डातून चरचर आवाज किंवा भिंतीला हात लावल्यावर मुंग्या, यातले काहीही असेल तर एकदाही वर करू नये. मेन बंद करून माणूस बोलवावा.

आपल्या घरासोबत शेजारचे घरही अंधारात असेल, तर दोष बाहेर, डीपीवर किंवा खांबावर आहे. दिवे कधी खूप तेजस्वी, कधी मंद होत असतील, तर न्यूट्रल ढिला असू शकतो. अशा वेळी मेन बंद करून लगेच महावितरणला कळवावे. आरसीसीबीचे ‘टेस्ट’ बटण महिन्यातून एकदा दाबावे. दाबल्यावर तो पडला नाही, तर तो शोभेचा आहे, बदलावा. घर बंद करून मुंबईला जाताना मेन बंद करून जावे. गणपतीला आल्यावर आधी बोर्ड कोरडे आहेत का ते पाहावे आणि मगच मेन चालू करावा.

दोष वायरमनचा की आपला?

‘डायरेक्ट’ करून जाणाऱ्या वायरमनला शिव्या देणे सोपे आहे. पण त्याला आपण कधी बोलावतो? रात्री नऊला, भर पावसात, घरात पाहुणे असताना. मागणी काय असते? ‘आता लाइट आण, बाकी उद्या बघू.’ तो उद्या कधी येत नाही. दोष शोधायला दोन तास लागतात आणि त्या दोन तासांचे पैसे द्यायची आपली तयारी नसते. खटका बदलायला दहा मिनिटे लागतात आणि त्याचे पैसे आनंदाने दिले जातात. आपण ज्याची किंमत देतो, तेच काम आपल्याला मिळते. निदान इतके करता येईल, की रात्री तात्पुरता दोषी एमसीबी खाली ठेवून बाकी घर चालवावे आणि दिवसा मेगर असलेला, परवानाधारक कंत्राटदाराकडचा माणूस बोलवावा.

मीटरपर्यंतची जबाबदारी महावितरणची आणि मीटरनंतरची ग्राहकाची, हे कागदावर ठीक आहे. नवी जोडणी घेताना परवानाधारक कंत्राटदाराचा चाचणी अहवाल जोडावा लागतो. पण वीस-तीस वर्षांपूर्वी जोडणी घेतलेल्या घराची पुन्हा तपासणी कोण करणार? पुरात बुडालेल्या घराची कोण करणार? ज्या कुटुंबाचा संसारच वाहून गेला, त्याला ‘मीटरनंतरचे तुमचे’ असे सांगून मोकळे होता येत नाही. पुराच्या पंचनाम्यात भांडी आणि धान्यासोबत घरातल्या वायरिंगच्या तपासणीचा रकाना असायला हवा. त्यासाठी आयटीआयच्या वीजतंत्री शाखेचे विद्यार्थी, त्यांचे शिक्षक, नगरपालिका, ग्रामपंचायती आणि विद्युत निरीक्षकांचे कार्यालय यांची मोट बांधता येईल. पावसाळ्याआधी आणि गणपतीच्या आधी वाडीवाडीत एक मेगर आणि दोन जाणकार माणसे फिरली, तरी कितीतरी घरांचे दोष उघडे पडतील. खर्च फार नाही, इच्छा हवी.

दरड आणि पूर यांच्यापुढे माणसाचे फारसे चालत नाही, हे या दोन तालुक्यांनी सोसून पाहिले आहे. घरातल्या बोर्डाचे मात्र तसे नाही. तिथला धोका आधी कळतो, कारण तो सांगणारा खटका भिंतीवर बसवलेला आहे. पुढच्या वेळी तो पडेल तेव्हा त्याला मोठा भाऊ आणून बसवण्याआधी एवढेच विचारावे, हा मला काय सांगतो आहे?